वाट पाहणारे हात

मार्चमधल्या त्या रविवारी वेगपठारावरचा क्रेनचालक हणमंत क्रेनच्या सावलीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसला होता. दोन वर्षांपूर्वी आदळलेल्या गाड्या उचलण्यात त्याला रविवारी चहा प्यायलाही उसंत मिळत नसे. आता क्रेन महिन्यातून एकदा नुसती चालू करून पाहावी लागे, बॅटरी उतरू नये म्हणून.

तासगावच्या पलीकडे, पवनचक्क्यांच्या पठारावर वेगपठार नावाचा चार किलोमीटरचा हा बंदिस्त मार्ग होता. अकरा वळणं, दोन लांब सरळ पट्टे आणि कडेनं रबराच्या जाड भिंती. पुण्याहून, कोल्हापूरहून, हुबळीहून लोक इथं येत. दंतवैद्य, बिल्डर, द्राक्षबागायतदार. आयुष्यभर साधी गाडी चालवलेली ही माणसं हेल्मेट घालून सातशे अश्वशक्तीच्या गाडीत बसत आणि अर्धा तास आपलं दुसरंच रूप अनुभवून परत जात.

पूर्वी यातली दोन-तीन रूपं दर आठवड्याला भिंतीवर आदळत. चूक जवळजवळ नेहमी एकच असे. वळणाच्या मध्यावर भीती वाटली की माणूस अॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलतो. गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागची बाजू बाहेर घसरू लागते. अशा वेळी ती ज्या दिशेला घसरते त्याच दिशेला स्टिअरिंग फिरवायचं असतं, तेही अर्ध्या सेकंदाच्या आत. नवशिका चालक बहुधा उशिरा फिरवतो, किंवा घाबरून नको तितकं फिरवतो. तो अर्धा सेकंद संपला की पुढचं सगळं भिंतच ठरवते.

आता तसं होत नव्हतं, कारण गाड्यांमध्ये सहहस्त बसवला होता. या गाड्यांत स्टिअरिंगचा चाकांशी थेट संबंध उरलेला नव्हता. हातांची हालचाल आधी संगणकाकडे जाई आणि मग संगणक चाकं वळवी. या दोहोंच्या मधल्या जागेत सहहस्त काम करी. चालक चुकला तर चाकांपर्यंत चूक पोहोचतच नसे. पोहोचे ती दुरुस्ती.

ती दुरुस्ती शशिकांत भोईट्यांच्या हातांची होती. भोईटे फलटणकडचे. वीस वर्षं रॅलीच्या शर्यतींत गाडी चालवून ते वेगपठारावर प्रशिक्षक म्हणून आले होते. त्यांच्या मनगटांवर, दंडांवर आणि तळपायांवर संवेदक लावून त्यांना चार महिने याच मार्गावर फिरवलं होतं, साडेतीन हजार फेऱ्या. मुद्दाम गाडी घसरवायची आणि मुद्दाम सावरायची. त्या नोंदींवरून सहहस्त तयार केला तो मिरजेची अभियंता रेहाना मुजावर हिनं.

वेगपठाराचे मालक विक्रांत आरवाडे यांनी तिला एकच अट घातली होती. लोक इथं गाडी चालवायला येतात, गाडीत बसायला नव्हे. दुसरं कोणी चालवतंय असं त्यांना जाणवता कामा नये. रेहानानं त्यावर तोडगा काढला. सहहस्तानं चाकं वळवली की निमिषभरात स्टिअरिंगही चालकाच्या तळव्यात तेवढंच हलकेच फिरे. मेंदू त्या हालचालीला आपलीच समजे. गाडी घसरली आणि आपण ती सावरली, अशी खात्री घेऊन माणूस खाली उतरे. करारपत्राच्या चौथ्या पानावर 'स्थैर्यसाहाय्य' असा शब्द होता. तो कुणी वाचला तरी त्यात वावगं काही वाटत नसे.

ऋतुराज जामदार त्या रविवारी एकतिसाव्यांदा आला होता. तेहेतीस वर्षांचा, बेदाण्यांच्या शीतगृहांचा व्यवसाय सांभाळणारा, शांत स्वभावाचा माणूस. त्या दिवशी त्याला 'प्रवीण' श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं. त्याची बायको केतकी पहिल्यांदाच बरोबर आली होती. ती तालुक्यात गुरांची डॉक्टर होती आणि रस्त्यावर नवऱ्याच्या शेजारी बसताना दाराची मूठ धरून बसायची. तिनं भोईट्यांना विचारलं की हा खरंच इतकं चांगलं चालवतो का. भोईटे म्हणाले की गाडी तरी तसंच सांगते. ते उत्तर त्यांना स्वतःलाच जरा खटकलं, पण पुढचा ग्राहक उभा होता.

'प्रवीण' श्रेणी मिळालेल्यांना स्वतःची गाडी मार्गावर आणायची मुभा होती. मे महिन्यात ऋतुराजनं आपली गाडी आणली. ती नवी नव्हती, पण वेगवान होती आणि तिच्यात सहहस्त नव्हता. घसरण रोखणारी नेहमीची यंत्रणा होती. प्रवीण चालकांपैकी बरेच जण ती बंद करत, तशी त्यानंही केली. केतकी शेजारी बसली. तिनं आग्रह धरला नव्हता आणि नकोही म्हटलं नव्हतं.

पहिल्याच फेरीत, सातव्या वळणावर, ताशी एकशे चाळीसच्या वेगात त्याचा पाय उचलला गेला. गाडीची मागची बाजू उजवीकडे सुटली. तिनं पूर्ण गिरकी घेतली आणि डावी बाजू पुढं करून ती भिंतीवर आदळली. डाव्या बाजूला केतकी होती.

ऋतुराजला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. केतकीचं कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि डाव्या मांडीचंही. मिरजेच्या रुग्णालयात सात तास शस्त्रक्रिया चालली. चालता येईल, पण कधी ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गुरांच्या गोठ्यात वाकून काम करण्याबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी रेहाना रुग्णालयात गेली. चौकशीचा भाग म्हणून जायचं होतंच, पण ती त्याआधी एकदा फाटकापर्यंत येऊन परत फिरली होती. ऋतुराज बाहेरच्या बाकावर बसला होता. नेमकं काय झालं, असं तिनं विचारलं. तो आपल्या हातांकडे पाहत बोलू लागला.

"मी काही चुकीचं केलं असतं तर मला कळलं असतं," तो म्हणाला. "मी काही केलंच नाही. गाडी घसरली हे मला समजलं होतं. काय करायचं तेही माहीत होतं. माझे हात वाट बघत होते."

"कशाची?"

"ते मलाही माहीत नाही."

रेहानाला माहीत होतं, निदान तशी शंका आली होती. त्या दिवशी ती थेट कार्यशाळेत गेली. सहहस्त चाकांना काय सांगतो याची नोंद होतीच, पण त्याआधी चालकाच्या हातांनी स्वतःहून काय केलं याचीही नोंद वेगळी साठत असे. दोन वर्षांत ती कुणी उघडून पाहिली नव्हती. अपघात होत नसताना पाहायचं कारण काय?

तिनं ऋतुराजच्या एकतीस दिवसांच्या नोंदी ओळीनं लावल्या. पहिल्या दिवशी गाडी घसरल्यावर पस्तीस शतांश सेकंदांत त्याचे हात हलले होते. ती हालचाल ओबडधोबड होती आणि गरजेपेक्षा जास्त होती, पण दिशा बरोबर होती. पाचव्या दिवशी हात उशिरा हलले. बाराव्या दिवशी जेमतेम हलले. एकविसाव्या दिवसापासून ते हललेच नव्हते. प्रमाणपत्राच्या दिवशी त्याची गाडी नऊ वेळा घसरली होती आणि नऊही वेळा त्यानं स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलं होतं. त्या नऊ दुरुस्त्यांसाठी त्याला प्रवीण ठरवलं गेलं होतं.

मग तिनं नेहमी येणाऱ्या दोनशे आठ ग्राहकांचे आलेख काढले. सगळे एकाच उतारावरून खाली येत होते. अपवाद सहाच होते. त्यातले चौघे शेतकरी होते, दर पावसाळ्यात चिखलातून जीप हाकणारे.

दुसऱ्या दिवशी तिनं ते आलेख भोईट्यांना दाखवले. मेंदू चुकीतून शिकतो, असं ती त्यांना सांगत होती. हाताला अपेक्षित होतं ते आणि प्रत्यक्ष घडलं ते, या दोहोंतला फरक हाच धडा. सहहस्त तो फरकच पुसून टाकतो. हातांच्या दृष्टीनं काही न करताही सगळं नीट होत असतं, म्हणून ते काही न करायला शिकतात. या लोकांना आपण काही शिकवलं नाही एवढंच नव्हे. येताना जे घेऊन आले होते तेही काढून घेतलं.

भोईट्यांनी मान हलवली. "जोडीतला एक बैल जोरकस असला की दुसरा नुसता चालतो. जू खांद्यावर असतंय, पण ओढत काय न्हाई. लांबून बघणाऱ्याला दोन्ही बैल सारखेच दिसत्यात."

मग त्यांनीच विचारलं की सहहस्त नसलेली एखादी गाडी आहे का. दोन वर्षांत त्यांनीही दुसरी गाडी फारशी चालवली नव्हती. घरी येण्याजाण्यासाठी वेगपठाराचीच, सहहस्त असलेली गाडी होती.

कार्यशाळेमागं सिमेंटचं मोठं अंगण होतं. गाड्या धुवायला वापरत. रेहानानं ते पाण्यानं भिजवून घेतलं आणि तिची स्वतःची बारा वर्षांची छोटी गाडी तिथं आणली. भोईट्यांच्या मनगटांवर जुनेच संवेदक लावले. त्यांनी ताशी चाळीसच्या वेगात हँडब्रेक ओढून गाडी घसरवली. गाडीनं पूर्ण गिरकी घेतली आणि ती उलट्या दिशेला तोंड करून थांबली.

ते आतच बसून राहिले. काच खाली न करता त्यांनी बोटानं खूण केली, परत. दुसऱ्यांदा अर्धी गिरकी बसली. पाचव्यांदा गाडी सावरली.

खाली उतरून ते थेट पडद्यापाशी आले. मूळ नोंदींत त्यांचे हात अठरा शतांश सेकंदांत हलत होते. आज पहिल्या वेळेला त्रेचाळीस लागले होते. रेहानानं वयाचं काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण त्यांनी तिला थांबवलं.

"हा वरचा आलेख माझाच ना?"

"हो, काका. तीन वर्षांपूर्वीचा."

"म्हंजे माझे हात गाडीत ऱ्हायले," भोईटे म्हणाले, "आणि मी घरी जातोय."

त्या दिवसापासून ते रोज सकाळी ग्राहक येण्याआधी तासभर त्या ओल्या अंगणात गिरक्या घेऊ लागले.

आरवाड्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा स्वभाव टाळाटाळ करायचा नव्हता. प्रमाणपत्रं त्यांनी त्याच दिवशी बंद केली, स्वतःच्या गाड्या आणण्याची मुभाही काढून घेतली. पण सहहस्त काढण्याचा विषय निघाल्यावर त्यांनी कपाटातून एक जुनी फाईल काढून रेहानापुढं ठेवली.

"सहहस्ताआधीच्या दोन वर्षांत इथं तीन माणसं गेली. एकाच्या आईला मी स्वतः सांगायला गेलो होतो. नंतरच्या दोन वर्षांत एकही नाही. तुम्ही मला ती फाईल परत उघडायला सांगताय का?"

रेहानाचा सगळा तर्क बरोबर होता आणि ही फाईलही खरी होती.

शिवाय गोष्ट आता वेगपठारापुरती उरली नव्हती. एका मोटारकंपनीनं सहहस्त विकत घेतला होता आणि पुढच्या वर्षापासून तो घरगुती गाड्यांत येणार होता. रेहानानं आलेख तिकडेही पाठवले. त्यांच्या अभियंत्यांनी सभ्य उत्तर दिलं. सहहस्त गाडीत कायमच असेल, तर हातांना काही आलं नाही म्हणून बिघडलं कुठं? तिनं लिहिलं की चिखलानं कॅमेरा झाकला, संवेदक बिघडला, तर यंत्र आपण होऊन बाजूला होतं आणि गाडी चालकाच्या स्वाधीन करतं. तेही नेमक्या सगळ्यात अवघड क्षणी. तेव्हा स्टिअरिंगवर कुणाचे हात असतील? यावर मात्र त्यांनी महिनाभर विचार केला आणि कळवलं की उपाय सुचवा.

रेहानानं सुचवलेल्या उपायाचं नाव होतं शिथिलन. सहहस्तानं अधूनमधून, धोका नसलेल्या जागी, हात थोडा सैल सोडायचा. छोटी घसरण होऊ द्यायची. चालकानं सावरली तर उत्तम, नाहीतर अगदी शेवटी स्वतः सावरायची. हातांना पुन्हा चुका भेटू द्यायच्या, पण बेतानं.

चाचण्या ओल्या अंगणातच सुरू झाल्या. वीस जण होते. सगळ्यात आधी नाव दिलं ते ऋतुराजनं. अपघातानंतर सहा महिने त्यानं कुठलंच वाहन चालवलं नव्हतं. शीतगृहात तो बसनं जायचा आणि केतकीला व्यायामासाठी मिरजेला न्यायला तिचा भाऊ येत असे.

वीस जणांचे दोन गट केले. पहिल्या गटाला यंत्र हात सोडणार असेल तेव्हा समोरचा पिवळा दिवा लागून आधी कळे. दुसऱ्या गटाला काहीच कळत नसे. कधीतरी असं होईल, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी सही केली होती.

दोन महिन्यांत निकाल स्पष्ट झाला. दिव्याच्या गटाचे हात फक्त दिवा लागल्यावर जागे होत. दिवा बंद केला की पुन्हा वाट पाहू लागत. दुसऱ्या गटाचे हात मात्र खरोखर परत आले. दर आठवड्याला आलेख थोडा वर चढत होता. याच गटातल्या एका शिक्षकांची गाडी अंगणाच्या कडेला रचलेल्या टायरच्या ढिगावर गेली आणि त्यांचं मनगट मोडलं. सहहस्तानं शेवटच्या क्षणी सावरायचं होतं. शेवटचा क्षण कुठला, हे ठरवण्यात रेहानाचा अंदाज किंचित चुकला होता.

ऋतुराज दुसऱ्या गटात होता. अकराव्या दिवशी त्याचे हात अडतीस शतांश सेकंदांत हलले. गाडी डुलली आणि सरळ झाली. ती थांबवून तो खाली उतरला, कठड्यापाशी गेला आणि तिथं पाठ करून बराच वेळ उभा राहिला. भोईटे त्याच्याकडे गेले नाहीत. त्यांनी फक्त पाण्याचा नळ बंद केला.

जानेवारीत केतकी अपघातानंतर पहिल्यांदा वेगपठारावर आली. दोन्ही हातांत काठ्या होत्या आणि दर चार पावलांनी ती थांबत होती. रेहानानं खुर्ची आणली, पण तिला उभंच राहायचं होतं. कठड्याला टेकून ती ऋतुराजची गाडी पाहू लागली. बराच वेळ तिनं यंत्राबद्दल बारकाईनं विचारलं आणि रेहानानं काही न लपवता सांगितलं, तळव्यात फिरणाऱ्या त्या स्टिअरिंगबद्दलही. ती कल्पना माझीच होती, असं रेहाना म्हणाली. केतकीनं ते ऐकलं. क्षमा केली असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, आणि रागही दिसला नाही.

"मला चालायला शिकवतात ते कमरेला मागून धरतात," मग ती म्हणाली. "डिसेंबरात एकदा त्यांनी न सांगता हात काढला. मी सहा पावलं चालले. मग कळलं की मागं कुणी नाही, आणि पडले."

"लागलं?"

"लागलं. पण ती सहा पावलं माझी होती. सांगून हात काढला असता तर एकही टाकलं नसतं." ती थांबली. "तरी त्यानंतर मी त्यांना कधी पाठ दाखवून उभी राहत नाही. भिंतीला टेकून राहते."

मोटारकंपनीचं शेवटचं तपशीलपत्रक रेहानाच्या टेबलावर तीन दिवस पडून होतं. त्यात एकच रकाना रिकामा होता. शिथिलनाच्या वेळी चालकास पूर्वसूचना द्यावी काय? हो लिहिलं तर हात झोपलेलेच राहणार होते, आणि कधीतरी एखाद्या घाटात यंत्र बाजूला झाल्यावर ते कळणार होतं. नाही लिहिलं तर लक्षावधी लोक अशा गाडीत बसणार होते, जी त्यांना न विचारता, त्यांच्याच भल्यासाठी, मधूनच सोडून देते. शेजारी कोण बसलंय हे गाडीला कळणार नव्हतं. पहिल्या वेळी रेहानानं लोकांना न सांगता धरलं होतं. आता न सांगता सोडायचं का?

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऋतुराजनं गाडी वळवली. पुढची फेरी सुरू होणार होती. आज वेग थोडा वाढवला होता. रेहानाच्या हातातल्या पाटीवर या फेरीची नोंद होती, सहहस्त धरून असणार की सोडणार. तिच्याशिवाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

केतकीनं गाडीवरची नजर न काढता विचारलं,

"आत्ता यंत्रानं धरलंय, का सोडलंय?"

सांगितलं तर ती नवऱ्याला हाक मारेल, हात वर करेल, आणि ही फेरी वाया जाईल. नाही सांगितलं, तर एकदा फसवल्या गेलेल्या या बाईला आपण पुन्हा एकदा तिच्याच भल्यासाठी अंधारात ठेवलेलं असेल.

गाडी वेग घेत ओल्या सिमेंटकडे येत होती. उत्तर द्यायला रेहानाकडे तीन-चार सेकंद होते. पाटी छातीशी धरून ती उभी होती. कुठलं उत्तर दिलं तर या फेरीचा निर्णय या दोघांचा राहील, आणि कुठलं दिलं तर तिचा एकटीचा?